कोणती गारवेल?

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गात मी निसर्गकविता शिकवीत होते. बाहेर पाऊस लागलेला, वर्गात निम्मीच मुले, आणि अशा दिवशी शिकवणाऱ्याच्याही अंगात थोडेसे काव्य संचारते. कवितेत वेलीचा उल्लेख आला, तशी मी मोठ्या झोकात खिडकीबाहेर बोट दाखवले आणि म्हणाले, "ही पाहा आपल्या कुंपणावरची गारवेल. कवीने अशीच एखादी वेल पाहिली असेल!"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यातून शिकायला आलेली, एरवी तोंड न उघडणारी. तिने विचारले, "मॅडम, कोणती गारवेल?"

"कोणती म्हणजे?"

"आमच्याकडे चार-पाच वेलींना गारवेलच म्हणतात. आणि इथे कुंपणावर दोन वेगळ्या वेली आहेत. पानं बघा ना."

मी पाने पाहिली. खरोखरच एकीचे पान हाताच्या पाच बोटांसारखे फाटलेले होते, तर दुसरीचे तीन पाळ्यांचे. वीस वर्षे मी त्याच खिडकीजवळ उभी राहून वेल, लता आणि वल्लरी या शब्दांच्या अर्थच्छटा सांगत आले. पण खिडकीबाहेर एक वेल आहे की दोन, हे मला ठाऊक नव्हते. "उद्या सांगते," असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकांच्या 'उद्या सांगते'चा अर्थ काय, हे मुलांना चांगले ठाऊक असते.

त्या दिवशी दुपारी मी वनस्पतिशास्त्र विभागातल्या बाईंना गाठले. त्यांनी कुंपणावरची दोन फुले खुडून माझ्या हातावर ठेवली आणि पहिलाच धडा असा दिला की, "फुलाचे तोंड पाहू नका, पाठ पाहा."

आपण फुलाच्या तोंडावर भुलतो. या घराण्यातल्या बहुतेक फुलांची तोंडे सारखीच, कर्ण्यासारखी. पाकळ्या सुट्या नसतात, एकमेकींना जुळून त्यांचे नरसाळे झालेले असते. त्यावर मध्यापासून कडेपर्यंत पाच पट्टे. कळी पाहावी तर मिटून पीळ दिलेल्या छत्रीसारखी. देठ मोडला तर बहुतेकींतून दुधासारखा चीक येतो. एवढे जुळले म्हणजे घराणे कळले. पण माणूस ओळखायचा तर पाठीमागे वळावे लागते. फुलाच्या बुडाशी जी पाच हिरवी निदले असतात, तीच खरी जन्मखूण! तीन पाळ्यांच्या पानाच्या आमच्या वेलीची निदले लांब, निमुळती आणि केसाळ निघाली. "हा काळादाणा," बाई म्हणाल्या. शास्त्रातले नाव आयपोमिया नील. लॅटिन नावांच्या गर्दीत आपला 'नील' भेटला, तेव्हा मला परदेशात गाववाला भेटल्यासारखा आनंद झाला. संस्कृतातला हा शब्द अरबीमार्गे तिकडे जाऊन पोचला आहे. हे फूल उजाडण्यापूर्वी निळेभोर उमलते आणि दुपारपर्यंत मिटून गुलाबट होते. आमचे कवितेचे तास दुपारचे, त्यामुळे त्याची माझी कधी गाठच पडलेली नव्हती.

पाच बोटांची दुसरी वेल म्हणजे आयपोमिया कैरिका, कैरो शहराच्या नावाची. रेल्वेच्या कुंपणांवर ती सर्रास चढते, म्हणून तिला इंग्रजीत रेल्वेची वेल म्हणतात; आपल्याकडे मात्र तीही गारवेलच.

बाईंनी जाताना एक भिंग दिले आणि आणखी एक खूण सांगितली. फुलात डोकावून मधला तंतू पाहावा. त्याच्या टोकाशी गोल गाठ असेल तर आयपोमिया. टोकाला दोन बारीक दोरे फुटले असतील तर ती हरणपदीची जात, कॉन्व्हॉल्व्ह्युलस. अशी दीक्षा घेऊन मी घरी आले. "मराठीच्या बाई झाडपाल्याच्या नादी लागल्या," हा आमच्या यजमानांचा अभिप्राय.

दसऱ्याला जोडून चार दिवस सुटी मिळाली, तेव्हा आम्ही आत्याकडे निघालो. तिचे गाव दापोली-मंडणगडाच्या किनाऱ्यावर, केळशीच्या अंगाला. हे गाडी चालवायला, मी भिंग घेऊन शेजारी, आणि मागे आमची बारा वर्षांची कन्या मोबाइल घेऊन. फोटो काढला की झाडाचे नाव सांगणारी सोय त्या मोबाइलात आहे. त्यामुळे भिंगाकडे ती जरा दयेनेच पाहत होती.

पौडच्या अलीकडे चहाला थांबलो, तर शेताच्या बांधावर हरणपदी दिसली. जमिनीलगत पसरलेली, फिकट गुलाबी लहान फुलांची आणि बाणाच्या टोकासारख्या पानांची. फुलात दोन दोरे स्पष्ट दिसले. मी हर्षाने ओरडले. बांधावर बसलेले शेतकरी आजोबा म्हणाले, "ताई, हिचं कौतुक करू नका. वरनं उपटली तरी खाली मुळं राहत्यात, आन् पुन्हा येती." पुढे एका डबक्याच्या काठी बेशरमची झुडपे उभी होती. ही वेल नव्हेच, पण फूल तेच कर्ण्याचे. दक्षिण अमेरिकेतून आलेली, तोडली तरी फुटणारी, गुरेही जिला तोंड लावत नाहीत अशी ही वनस्पती. लोकांनी तिच्या वागणुकीवरून नाव ठेवले आणि अगदी बरोबर ठेवले.

ताम्हिणी घाटात धुके होते. एका वळणावर झाडावर चढलेली मोठ्या पानांची वेल वाऱ्याने उलटीपालटी होत होती, आणि दर झुळकीला हिरव्याचे रुपेरी होत होते. पानाच्या पाठीवर रेशमासारखी दाट लव. ही अर्जिरिया, ग्रीक भाषेतल्या चांदीच्या शब्दावरून ते नाव आले. समुद्रशोक याच जातकुळीतला. तिथे बसलेल्या एका बाईंना विचारले, ही कोणती वेल? त्या म्हणाल्या, "गारवेल." कन्या मागून हसली. माझी तिसरी गारवेल झाली होती!

आत्याकडे पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. आत्या ऐंशीच्या पुढची. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे अधू केले आहेत. उजेड-अंधार कळतो आणि माणसाचा आकार दिसतो, तितकेच. ती पडवीत बसून नवरात्राच्या उपासासाठी उकडलेली रताळी सोलत होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "अगो, आलीस का! आणि ही धाकटी किती उंच झाली!" माझी वेलींची हकीकत ऐकून तिला हसू आले. हातातले रताळे पुढे करून ती म्हणाली, "मग हे काय आहे? हे त्यांच्यातलंच. रताळीच्या वेलाचं फूल कधी पाह्यलं नाहीस?" पाहिले नव्हते. दर एकादशीला ज्याला मी तोंड लावते त्याचे फूल कसे असते, याची मी कधी चौकशी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आम्हा मायलेकींना घेऊन वाडीच्या कुंपणाकडे निघाली. त्या सकाळी मी जे पाहिले ते कोणत्याही पुस्तकात नाही. कन्या वेल खुडून आजीच्या हाती देई आणि रंग सांगे. आजी बोटांनी चाचपून नाव सांगे. एकीचे डोळे, दुसरीची बोटे.

"निळं फूल, आजी."

आत्याची बोटे सरळ फुलाच्या पाठीकडे गेली. "लव आहे. काळादाणा. ह्याचं बी तोंडात घालू नको हो. माझ्या लहानपणी एका पोरानं मूठभर खाल्लं, दोन दिवस त्याला परसाकडची वाट सुटली नव्हती."

मी भिंग पदराआड लपवले. जी खूण शिकायला मला वनस्पतिशास्त्राच्या बाई आणि भिंग लागले, ती आत्याच्या बोटांना जन्मापासून ठाऊक होती.

"पांढरं. मोठं आहे."

आत्याने दांडा बोटांत फिरवला. "काडीला धारा आहेत. निशोत्तर. वैद्य हिचं मूळ नेत रेच द्यायला. आपण आपल्या मनानं नाही घ्यायचं."

"हे लहान, पिवळट. मध्ये काळपट जांभळा ठिपका."

"पिवळी भोवरी. पान वडाच्या पारावरच्या पिंपळासारखं असेल, छोटं."

पान खरेच पिंपळासारखे, हृदयाच्या आकाराचे होते. मग केसाळ, खोल चिरलेले पान हातात येताच ती म्हणाली, "वाघपदी. वाघाचा पंजा बघ." आणि ओलसर जागेत जमिनीला बिलगलेल्या इवल्या पानांना हात लावून, "ही उंदीरकानी." शेवटी दोऱ्यासारख्या पानांची, लाल चांदणीच्या फुलांची वेल आली, तेव्हा तिने ती डोक्याला लावली. "गणेशवेल. बाप्पाची." ही गणेशवेल मूळची अमेरिकेतली, हे मला बाईंनी सांगितले होते. मी ते आत्याला सांगितले नाही. ज्या पाहुणीला आपण गणपतीचे नाव देऊन घरात घेतले, तिचे मूळ गाव कशाला काढायचे?

कन्येने हळूच मोबाइल पुढे केला. काळ्यादाण्याच्या फुलाला त्याने तीन वेगवेगळी नावे सुचवली होती. "आई, असं का?" मी म्हटले, "तू फोटो समोरून काढलास. आजीने पाठ पाहिली." तिने लगेच फूल उलटे करून निदलांचा फोटो काढला. मला वाटते, त्या सहलीत तिने शिकलेली ती सर्वांत मोठी गोष्ट.

आणखी एक गंमत आत्याने शिकवली. वेलीचे टोक आधाराभोवती उलट फिरवून तिने कन्येला दुसऱ्या दिवशी पाहायला सांगितले. सकाळी ते टोक पुन्हा आपल्या वळणावर आलेले होते. वरून पाहिले तर या वेली घड्याळाच्या काट्यांच्या उलट चढतात, आणि कितीही समजावले तरी वळण सोडत नाहीत. "माणसांसारख्याच," आत्या म्हणाली. आणि तिचा रोख आपल्या मुलाकडे आहे हे मला संध्याकाळी कळले.

आत्याचा मुलगा, माझा दादा, अलीकडे पर्यटकांना खोल्या देतो. मोठा कष्टाळू माणूस. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला आदळले, तेव्हा या सगळ्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. दादाच्या निम्म्याहून अधिक सुपारी गेल्या, नारळ गेले. नव्या नारळाला फळ धरायला वर्षे लागतात, आणि बँकेचा हप्ता तर दर महिन्याला येतो. खोल्यांनी त्या घराला तगवले आहे. संध्याकाळी तो आम्हांला वाडीच्या टोकाला घेऊन गेला. पुढे वाळूचा बुटका बांध, त्यावर हिरवी वेल दाट पसरलेली, आणि पलीकडे समुद्र.

"दसरा झाला की जेसीबी बोलावलाय," दादा म्हणाला. "हा बांध सपाट करायचा, ही झुडपं साफ करायची. पाहुण्यांना खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. गाड्या लावायलाही जागा होईल."

कन्या ओणवी होऊन पाने गोळा करू लागली होती. "आई, किती आपटा! उद्या सोनं लुटायला!" पान खरेच आपट्यासारखे, मधोमध दुभंगलेले. पण फूल जांभळट गुलाबी, तेच कर्ण्याचे. मी पाठ पाहिली, गाठ पाहिली आणि ओळखले. ही मर्यादवेल. लिनियसने 1753 साली हिच्या पानावरून हिला 'शेळीचा पाय' असे नाव दिले. वाघपदीलाही त्याने वाघाचाच पाय म्हटले. तिथे लॅटिन आणि मराठी एकाच पानाकडे पाहून एकच बोलले. इथे मात्र आपल्या लोकांनी पान सोडून वेलीचे काम पाहिले. भरतीची रेषा संपते तिथे ही सुरू होते. खाऱ्या वाऱ्याला ती भीत नाही. लांबच लांब दोर सोडते, पेरापेराला मूळ धरते आणि उडती वाळू बांधून ठेवते. तिचे बी खाऱ्या पाण्यावर महिनोन्‌महिने तरंगून दूरच्या किनाऱ्याला जाऊन रुजते. म्हणून साऱ्या उष्ण देशांच्या किनाऱ्यांवर ती आहे.

हे सारे मी दादाला उत्साहाने सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "वादळात कुठे गेली होती तुझी मर्यादा?" मला उत्तर नव्हते. वेलीने चक्रीवादळ अडत नाही, हे खरेच. पण शेजारची एक वाडी समोरच होती. तिथला बांध काही वर्षांपूर्वी सपाट झाला होता. उन्हाळ्याच्या वाऱ्याने वाळू आत येऊन तिथल्या पहिल्या ओळीच्या माडांची बुडे बुजली होती, विहिरीचा काठ दर वर्षी झाडावा लागे. आमच्या यजमानांनी कायदा काढला. किनाऱ्याच्या नियमांत वाळूच्या टेकड्यांना हात लावायला मनाई आहे, वगैरे. दादा म्हणाला, "भाऊजी, कायद्यानं माझा हप्ता भरेल का?" बोलणे तिथेच संपले. मला राग आला नाही. पोट भरायला धडपडणाऱ्या माणसाला मी चार दिवसांची पाहुणी काय शिकवणार?

दसऱ्याच्या पहाटे मला लवकर जाग आली. आत्याचे अंथरूण रिकामे होते. मी घाबरून बाहेर आले, तर दादाही उठून तिला शोधत होता. आम्ही दोघे वाडीतून धावलो. उजाडत होते. बांधावर आत्या एकटीच अनवाणी उभी होती, समुद्राकडे तोंड करून.

"आई! एकटी कशी आलीस? पाण्यात गेली असतीस म्हणजे?" दादाचा आवाज कापत होता.

"रोज येत्ये," आत्या म्हणाली. "तुम्ही निजलेले असता. मला समुद्र दिसत नाही रे, पण ऐकू येतो. माडांच्या ओळीला हात लावत यायचं. पुढे पायाला मर्याद लागते. पायाखाली पान आहे तोवर मी आपल्या वाडीत. पान संपलं की त्याचं राज्य. तिथं थांबायचं. मला काठीसुद्धा लागत नाही."

दादा काही बोलला नाही. त्याने खाली पाहिले. आत्याच्या पावलांखाली वेल चांगली वीतभर रुंद दबून गेली होती. रोज एकाच जागी उभे राहिल्याने पडलेली ती खूण होती. किती महिन्यांची, कोण जाणे. तो वाकला, आईच्या पायाला लागलेली वाळू हाताने झाडली आणि तिचा हात धरून परत निघाला.

त्या दिवशी सोने वाटताना कन्येने आपट्याच्या पानांत एक मर्यादवेलीचे पान मिसळले आणि दादामामाच्या हातावर ठेवले. "हे सोनं नव्हे," तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखे, "राहू दे." ते पानाबद्दल होते की आणखी कशाबद्दल, हे आम्ही विचारले नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र तो बांधावर दोन हात रुंदीची पायवाट आखताना दिसला. पाहुणे तिथून उतरतील, बाकीचा बांध तसाच राहील. पुढच्या वर्षी काय होईल हे मी सांगू शकत नाही. हप्ते अजून संपलेले नाहीत. पण जेसीबी आला नाही, एवढे खरे.

परतीच्या वाटेवर मी विचार करीत होते. आत्याजवळ जी नावे आहेत, ती तिच्या बोटांत आणि पावलांत आहेत. ती मी वहीत उतरवून घेतली; पण वहीतले नाव म्हणजे निम्मेच नाव. साऱ्याच वेलींना गारवेल म्हणत राहिले, तर एखादी नाहीशी झाल्याचे आपल्याला कळणारही नाही. कुंपणावर दुसरी एक गारवेल असतेच की!

सुटीनंतरच्या पहिल्याच तासाला मी त्या मुलीला उभे केले. "तुझ्या प्रश्नाचे उत्तर आणले आहे," मी म्हणाले आणि फळ्यावर दोन्ही नावे, दोन्ही खुणा लिहिल्या. पाच बोटांची ती कैरोच्या नावाची; तीन पाळ्यांची, केसाळ निदलांची ती काळादाणा. मग वाघपदी, उंदीरकानी, निशोत्तर आणि मर्यादवेलही सांगितली. वर्ग कधी नव्हे इतका शांत होता.

मुलगी समाधानाने हसली. मग जरा घुटमळून म्हणाली, "मॅडम, सायकल स्टँडच्या मागे अजून एक आहे. तिची फुलं सकाळी नाही, संध्याकाळी उमलतात."

"उद्या सांगते," मी म्हणाले. आणि तास संपल्यावर भिंग घेऊन सायकल स्टँडकडे निघाले.